1,800 ऑप्शन की शंभर क्विंटल ओली मिरची

गेल्या वर्षभरात ओळखीतल्या बऱ्याच जणांनी एकच विचारलं: चालू नोकरी सोडून स्टार्टअपमध्ये जावं की स्वतःचं काही काढावं, हे तू ठरवलंस कसं? फोनवर नेहमी अर्धंच सांगून होतं, म्हणून सगळं तारीखवार लिहून काढते आहे. माझं गाव नंदुरबार, धंदा मिरचीचा. तुमची वस्तू वेगळी असेल, आकडेही वेगळे असतील. पण बँकेतले आणि ऑफर लेटरवरचे प्रश्न बहुधा हेच असतील.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती झाकून बाकीचं लिहिलं तर खोटं वाटेल. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. घरात एक पगार चालू होता आणि राहणार होता. ज्यांच्या घरात तसा पगार नाही, त्यांनी माझी गणितं जशीच्या तशी उचलू नयेत.

2023 च्या उन्हाळ्यात मी नाशिकला एका मसाला कंपनीच्या गुणवत्ता विभागात होते. सातवं वर्ष चालू होतं, पगार वर्षाला 8 लाख 40 हजार. काम म्हणजे आलेल्या मालाचा ओलावा, रंग, देठाचं प्रमाण, भेसळ तपासायची आणि गाडी उतरवायची की परत पाठवायची ते सांगायचं. मुलगी माझ्याजवळ, नवरा नंदुरबारला, शनिवार-रविवारी कुणीतरी एसटीत. ऑगस्टमध्ये जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. तो पुण्याच्या एका स्टार्टअपमध्ये लागला होता. शेतकऱ्यांकडून मसाल्याचा माल घेऊन तो तपासून कंपन्यांना पुरवायचा, असं त्यांचं काम. उत्तर महाराष्ट्रातली खरेदी आणि गुणवत्ता बघणारं माणूस त्यांना हवं होतं. दोन मुलाखती झाल्या, संस्थापकाशी एकदा लांबलचक गप्पा झाल्या आणि 9 ऑक्टोबरला ऑफर लेटर आलं. पगार 12 लाख, आणि चार वर्षांत मिळणारे 1,800 ईसॉप, म्हणजे कंपनीचे शेअर ठरलेल्या भावाने घ्यायचे हक्क (ऑप्शन). उत्तर 15 नोव्हेंबरपर्यंत, रुजू व्हायचं 1 जानेवारीला.

दुसरीकडे डोक्यात घोळत होता स्वतःचा मिरची पावडरचा उद्योग. हे काही अचानक सुचलेलं नव्हतं. माझ्या मामाची नंदुरबारला पथारी आहे. नंदुरबारबाहेरच्यांसाठी सांगते: बाजार समितीत ओली लाल मिरची लिलावात घ्यायची आणि गावाबाहेरच्या मोकळ्या रानावर पसरून उन्हात वाळवायची, त्या जागेला पथारी म्हणतात. ऑक्टोबरपासून साधारण मार्चपर्यंत रस्त्याच्या कडेला लाल गालिचे दिसतात ते हेच. सुकलेली मिरची पोत्यांत भरून गुजरात, राजस्थान, दिल्लीकडे जाते. पावडर बहुतेक दुसरीकडे होते, पाकिटावर नावही दुसऱ्याचं. नाशिकला माझ्या टेबलावर आमच्याच गावची मिरची नमुन्याच्या पिशवीतून येई, तेव्हा हे खटकायचं. पण खटकण्यावर धंदा उभा राहत नाही, हेही कळत होतं.

आधी ईसॉपचं सांगते, कारण तिथे सर्वात जास्त गोंधळ होतो. 1,800 हा आकडा ऐकायला भारी वाटतो. पण एकूण किती शेअरांपैकी 1,800, हे कळल्याशिवाय त्याला काडीचा अर्थ नाही. मी मेल लिहून विचारलं: सगळे शेअर, गुंतवणूकदारांचे हक्क आणि ईसॉपचा राखीव हिस्सा धरून एकूण किती? आठवडाभराने उत्तर आलं, सुमारे 9 लाख. म्हणजे माझा वाटा 0.2 टक्के. शेवटच्या गुंतवणुकीत एका शेअरचा भाव 1,100 रुपये लागला होता, त्या हिशोबाने कागदावर 19 लाख 80 हजार. आकडा लोभावण्यासारखा होता आणि मी लोभावले होते, नाही कशाला म्हणू.

मग नाशिकच्या एका ओळखीच्या सीएकडे गेले. त्याने तासभर बसवून घेतलं आणि फी घेतली नाही. कायद्याने पहिलं वर्ष पूर्ण होण्याआधी एकही ऑप्शन हक्काचा होत नाही. आपल्याकडे ऑप्शन दिल्यापासून किमान एक वर्ष थांबावंच लागतं. त्यानंतर कंपनीच्या तक्त्याप्रमाणे दर तिमाहीला थोडे थोडे. मधे नोकरी सोडली तर जेवढे हक्काचे झालेत तेवढे ठरलेल्या मुदतीत पैसे भरून घ्यायचे, नाहीतर गेले. माझ्या पत्रात ती मुदत 90 दिवस होती. आणि ज्या दिवशी शेअर घ्याल त्या दिवशीचा बाजारभाव वजा तुम्ही भरलेले पैसे, एवढी रक्कम तुमच्या पगारात धरून त्यावर कर. शेअर विकलेला नसला, विकता येत नसला तरी कर द्यायचाच. माझा भरायचा भाव 10 रुपये होता. 1,800 शेअर 1,100 च्या भावाने घेतले असते तर कर सहा लाखांच्या आसपास, तोही खिशातून. काही मान्यताप्राप्त स्टार्टअपना हा कर पुढे ढकलायची सवलत 2020 पासून आहे, पण त्यासाठी केंद्राच्या आंतरमंत्रालयीन मंडळाचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. ‘डीपीआयआयटी मान्यताप्राप्त’, म्हणजे केंद्राच्या उद्योग विभागाची मान्यता, एवढं असून भागत नाही. या कंपनीकडे ते प्रमाणपत्र नव्हतं. ऑफर घेताना हा एक प्रश्न जरूर विचारा.

सीएने आणखी एक सांगितलं. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर 100 रुपये भरले की कुठल्याही कंपनीने दाखल केलेली कागदपत्रं बघता येतात. मी भरले. ताळेबंद, तोटा, बँकेतली शिल्लक, कर्ज, सगळं समोर. दर महिन्याला कमाईपेक्षा साधारण 30 लाख जास्त खर्च होत होते. संस्थापकाला थेट विचारलं, खात्यात किती महिन्यांचे पैसे आहेत? तो चिडेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, “चौदा महिन्यांचे. पुढची गुंतवणूक आली नाही तर दहाव्या महिन्यापासून माणसं कमी करावी लागतील, आणि नंदुरबारचं काम नवीन असल्यामुळे पहिली कात्री तिथेच.” त्या माणसाबद्दल माझा आदर त्या दिवशी वाढला. अजूनही आहे.

तिसरी अडचण ऑफर लेटरच्या सातव्या पानावर होती. कंपनीत असेपर्यंत दुसरा कुठलाही धंदा करायचा नाही, भागीदारीही नाही. नोकरी सोडल्यानंतर दोन वर्षं त्याच क्षेत्रात काम करायचं नाही, असंही होतं. हे दुसरं कलम भारतीय करार कायद्याच्या कलम 27 पुढे सहसा टिकत नाही, पण नोकरी चालू असतानाचं बंधन टिकतं. तोवर मनात एक पळवाट होती: पगार त्यांचा घ्यायचा आणि संध्याकाळी आपलं काम हळूहळू उभं करायचं. ती बंद झाली. आता खरोखरच दोन्हींतलं एक निवडायचं होतं.

12 नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं. दिवाळीला आम्ही सगळे नंदुरबारला होतो आणि घरात दुसरा विषयच नव्हता. सासूबाई म्हणाल्या, “चांगली नोकरी सोडीसन मिरची कुटशी का?” अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीतून निवृत्त. ते काहीच बोलले नाहीत, फक्त पुण्याचा पगार किती ते दोनदा विचारलं. भाऊबीजेला मामाकडे गेले. मामा पथारीवर खाटेवर बसला होता, बाया देठ खुडत होत्या. मी म्हटलं, मामा, सुकी मिरची विकण्यापेक्षा पावडर करून विकली तर? त्याने आधी वर बघितलं. “आभाय भरी उनं का मी रातभर जागा ऱ्हास. तुले ते जमी का?” म्हणजे, आभाळ भरून आलं की मी रात्रभर जागा असतो, तुला ते जमेल का?

दहा-बारा दिवसांतच त्याच्या म्हणण्याचा अर्थ समोर आला. नोव्हेंबर 2023 च्या शेवटच्या आठवड्यात अवकाळी पाऊस झाला, तो उत्तर महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांना आठवत असेल. नाशिककडे गारांनी द्राक्षं झोडपली. नंदुरबारला पथाऱ्यांवर मिरची पसरलेली होती. ताडपत्र्या कमी पडल्या. मी रजा टाकून गेले, तेव्हा मामा, मामी आणि मजूर भिजलेली मिरची हाताने वेगळी करत होते. वरून ती बरी दिसत होती. एक मोडून पाहिली तर आत बियांभोवती करडी बुरशी धरायला लागलेली, वासही कुबट. भिजलेली मिरची पुन्हा सुकली तरी पांढरी पडते, तिखटपणा असतो पण रंग जातो, आणि रंग गेला की भाव गेला. मामाचं त्या वर्षीचं नुकसान मी इथे लिहीत नाही, ते त्याचं आहे.

पण माझं नोकरीतलं डोकं त्या दिवशी चालायला लागलं. अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे मिरचीत ओलावा 11 टक्क्यांच्या वर चालत नाही, आणि अफ्लाटॉक्सिन किलोला 30 मायक्रोग्रॅमच्या आत हवं. अफ्लाटॉक्सिन म्हणजे बुरशीचं विष. ते धुऊन, भाजून, दळून जात नाही. नाशिकला माझ्या हातून गाड्या परत जात त्या बहुतेक याच दोन कारणांनी. कोळद्याच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी केली, तिथून एका महिला बचत गटाच्या ट्रे ड्रायरचा पत्ता मिळाला. त्यांना भाडं देऊन दीड क्विंटल ओली मिरची 55 ते 60 अंशांवर सुकवून घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती वाजायला लागली. सुकलेली मिरची मुठीत घेऊन हलवली की आत बिया वाजतात, मामाचं मीटर तेच. मग तीन नमुने प्रयोगशाळेत पाठवले: ड्रायरची, पथारीवरची कोरडी आणि पावसात भिजून पुन्हा सुकवलेली. नमुन्यामागे कर धरून साडेचार हजार लागले. अहवाल 6 डिसेंबरला आला. ड्रायरच्या मिरचीत ओलावा 9.8, विष जवळजवळ नाही. पथारीची कोरडी 12 च्या थोडी वर. भिजलेलीत अफ्लाटॉक्सिन 41.

हे तीन कागद हातात नसते तर मी पुण्याला गेले असते, असं आज वाटतं. दरम्यान संस्थापकाकडून उत्तराची मुदत 15 डिसेंबरपर्यंत वाढवून घेतली होती. मुदत मागायला लाजू नका, ते देतात.

अहवाल घेऊन मी नाशिकच्या दोन छोट्या मसालेवाल्यांना भेटले. माझ्या कंपनीचे ते ग्राहक नव्हते आणि स्पर्धकही म्हणावेत असे नव्हते, हे आधी तपासलं होतं. एकाने चहा पाजून निरोप दिला. दुसऱ्याने अहवाल दोनदा वाचला आणि विचारलं, “हा माल वर्षभर असाच देणार का, की दाखवायला एक पोतं?” पुढच्या हंगामासाठी 500 किलो पावडरची लेखी मागणी दिली, निम्मे पैसे माल निघण्याआधी. अट एकच, प्रत्येक लॉटचा अहवाल सोबत.

त्या रात्री नवऱ्याबरोबर बसून हिशोब केला. पैशाच्या बाजूने स्टार्टअपच पुढे होतं, यात शंका नाही. दोन वर्षांत तिथे पगाराचेच 24 लाख आले असते. कंपनी बंद पडली असती तरी तो पगार कुणी परत मागत नाही. धंदा बंद पडला तर कर्ज मागे राहतं आणि यंत्रं निम्म्या भावातही जात नाहीत. पण मी संस्थापकाला विचारलेला प्रश्न नवऱ्याने मला विचारला: आपल्या खात्यात किती महिन्यांचे पैसे आहेत? बचत साडेसहा लाख. नंदुरबारला राहायला आलो तर नाशिकचं भाडं आणि ये-जा वाचणार होती. माझा एक रुपया घरात न येता घर आणि हप्ता मिळून चौदा-पंधरा महिने निघतील, असा आकडा आला. त्यांचे चौदा आणि आमचेही चौदा! दोघं हसलो. दोन्हीकडे धोका सारखाच होता. फरक एवढाच की तिकडे दहाव्या महिन्यात काय कापायचं ते दुसरा कुणी ठरवणार होता.

14 डिसेंबरला पुण्याला नकार कळवला. 18 ला नाशिकला राजीनामा दिला. नोटीस 60 दिवसांची, शेवटचा दिवस 16 फेब्रुवारी 2024.

राजीनामा देण्याआधी केलेली दोन कामं सांगते, दोन्ही सीएने सुचवलेली. कंपनीचा गट विमा नोकरीबरोबर संपतो, म्हणून पगार चालू असतानाच कुटुंबाचा स्वतंत्र आरोग्य विमा काढला, हप्ता 17 हजारांच्या आसपास. जुन्या आजारांसाठीचा थांबायचा काळ तेवढा लवकर सुरू झाला. आणि शेवटच्या तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, पगाराच्या पावत्या, अनुभवाचं पत्र अशी एक फाइल केली. पुढे बँकेत त्या फाइलने जेवढं काम केलं तेवढं माझ्या बोलण्याने केलं नाही. पीएफला हात लावायचा नाही, हेही तेव्हाच ठरवलं.

नवऱ्याच्या बाबतीत एक कागद लागला. सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या नोकरीतल्या माणसाला स्वतः धंदा करता येत नाही, आणि घरातल्या कुणी सुरू केला तर तसं कळवावं लागतं. त्याने गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र देऊन पोच घेतली. उद्योग माझ्या एकटीच्या नावावर, प्रोप्रायटरी. ‘कंपनी काढ, वजन पडतं’ असं सांगणारे भेटले. वजनापेक्षा दरवर्षीचा ऑडिटचा खर्च मला जास्त दिसत होता.

फेब्रुवारी 2024 मध्ये उद्यम नोंदणी केली, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी. सरकारी संकेतस्थळावर ती फुकट आहे, आधार आणि पॅन असले की अर्ध्या तासात प्रमाणपत्र येतं. शोधायला गेलात तर तशीच दिसणारी, दोन-अडीच हजार मागणारी संकेतस्थळं आधी येतात. पैसे मागितले की बाहेर पडा.

कर्जासाठी मी पंतप्रधान सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना घेतली, जिला सगळे पीएमएफएमई म्हणतात. जिल्हा उद्योग केंद्रातून पंतप्रधान रोजगार निर्मिती (पीएमईजीपी) किंवा मुख्यमंत्री रोजगार निर्मितीचाही रस्ता होता. अन्नप्रक्रियेसाठी ही मला सरळ वाटली: पात्र खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख अनुदान, स्वतःचे किमान 10 टक्के. आपल्याकडे ती कृषी विभागामार्फत चालते. प्रत्येक जिल्ह्यात ‘जिल्हा संसाधन व्यक्ती’ नेमलेल्या असतात. प्रकल्प अहवाल करणं, ऑनलाइन अर्ज भरणं, बँकेत पाठपुरावा, ही कामं ते करतात आणि त्यांचं मानधन योजनेतून मिळतं, आपल्याकडून नाही. मला हे कळण्याआधी एका एजंटने अहवालाचे बारा हजार सांगितले होते.

माझा प्रकल्प 9 लाखांचा. ट्रे ड्रायर, पल्व्हरायझर (दळायचं यंत्र), देठ आणि खडे वेगळे करायचं यंत्र, वजनकाटा, सीलिंग, ओलावा मोजायचं मीटर. स्वतःचे 90 हजार, कर्ज 8 लाख 10 हजार, अनुदान 3 लाख 15 हजार. हे अनुदान हातात येत नाही, याची मनाची तयारी ठेवा. ते बँकेत वेगळ्या खात्यात ठेवतात, तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, आणि तीन वर्षं खातं नीट चाललं तरच कर्जात वळतं होतं. तोपर्यंत हप्ता तुमचा. माझा पाच वर्षांसाठी साडेदहा टक्क्यांनी महिना 17,400. अनुदानाचे पैसे धरून खर्च ठरवणारे लोक मी पाहिलेत, त्यांचं पहिल्याच वर्षी अवघड झालं.

अर्ज 4 मार्चला गेला. बँकेत ‘मार्च एंड’, तिकडे 16 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. नंदुरबारचं मतदान 13 मे रोजी, आचारसंहिता उठली 6 जूनला. तोवर योजनेचे अर्ज बघणाऱ्या समितीची बैठक नाही. फोन केला की एकच उत्तर, “ताई, निवडणूक होऊ द्या.” पगार थांबलेला, अर्ज अडकलेला, आणि त्याच सुमारास पुण्याच्या मित्राचा मेसेज आला की तुझ्या जागेवरची मुलगी खूप छान काम करते आहे. ते तीन महिने फार वाईट गेले. सासूबाईंनी मात्र त्या काळात एकदाही टोमणा मारला नाही, उलट शेजारणींना सांगत, ‘ती परवानगीनी वाट देखी राह्यनी.’ वर्षाचं कॅलेंडर बघून अर्ज करा. निवडणूक असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फाइल आत जायला हवी.

जूनच्या शेवटी समितीतून प्रकरण बँकेकडे आलं आणि खरी परीक्षा तिथे झाली. यंत्रांच्या कर्जाला मॅनेजर साहेबांची हरकत नव्हती, सूक्ष्म उद्योगांच्या हमी योजनेत ते तारणाशिवाय बसत होतं. अडलं ते खेळत्या भांडवलावर. बँकेचं साधं सूत्र आहे: वर्षाच्या अंदाजी विक्रीच्या 20 टक्के. मी 15 लाखांची विक्री दाखवली होती, म्हणजे 3 लाख. हे सूत्र दर तीन महिन्यांनी माल घेणाऱ्या-विकणाऱ्याला ठीक आहे. मिरची ऑक्टोबर ते फेब्रुवारी घ्यायची आणि वर्षभर विकायची. ओल्या मिरचीला मी 4,000 रुपये क्विंटल भाव धरला होता. शंभर क्विंटल म्हणजे 4 लाख, त्यातून सुकून साधारण 25 क्विंटल हातात. शिवाय मजुरी, वीज, पाकिटं. साहेब म्हणाले, “मॅडम, तुमचा धंदा चांगला आहे, पण जानेवारीत तुमच्याकडे माल असेल आणि पैसे नसतील. तेव्हा काय कराल?”

घरी बसून अहवालाचं ते पान नव्याने केलं. खरेदी सत्तर क्विंटलवर आणली. आणि वर्षभर रोख येत राहावी म्हणून दुसऱ्यांचं दळून द्यायचं काम घातलं: हळद, धने, बचत गटांचे मसाले, किलोमागे मजुरी. मार्च ते मे घरोघरी वर्षाचा मसाला होतो, तेव्हा कांडपाला रांग असतेच. महिन्यामहिन्याचा रोखीचा तक्ता जोडला, त्यात डिसेंबर आणि जानेवारी उणे दाखवले आणि ते कशातून भरून काढणार तेही लिहिलं. साहेब तो तक्ता बराच वेळ बघत होते. मंजुरी 22 जुलैला आली, कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाचं कर्ज, 3 लाखच.

पुढचं भराभर सांगते. दोंडाईचा रस्त्यावर गाळा, भाडं 9,000, करार नोंदणीकृत केला कारण बँक आणि अन्न परवाना दोघांनाही तो लागतो. वीज तीन फेजची हवी होती आणि गाळ्याचं मीटर व्यापारी दराचं होतं. उद्यम प्रमाणपत्र जोडून महावितरणकडे औद्योगिक दराचा अर्ज केला, त्याला महिन्याहून जास्त लागला. यंत्रं येण्याआधी हा अर्ज टाका, नाहीतर ती झाकून ठेवावी लागतात. अन्न परवान्यात तेव्हा 12 लाखांच्या आतल्या विक्रीला 100 रुपयांची साधी नोंदणी चालायची. माझी अंदाजी विक्री वर असल्याने राज्य परवाना घ्यावा लागला, वर्षाला 3,000. पाण्याचा तपासणी अहवाल, गाळ्याचा नकाशा, यंत्रांची यादी लागली. अधिकारी पाहणीला आले तेव्हा त्यांनी सर्वात आधी विचारलं की झाडलेली धूळ कुठे जाते आणि हात धुवायची जागा कुठे आहे. परवाना सप्टेंबरअखेर मिळाला. वजनमापं तपासणाऱ्या वैधमापन विभागाकडे पाकीटबंद मालासाठी 500 रुपयांची नोंदणी, काट्यावर शिक्का. नावाचा ट्रेडमार्क अर्ज 4,500, उद्यम असल्यामुळे निम्म्या शुल्कात. जीएसटी 40 लाखांच्या आत सक्तीचा नसतो, पण सुरतला माल द्यायचा होता आणि राज्याबाहेर माल विकला की नोंदणी लागतेच. खानदेशातून सुरत जवळ, त्यामुळे हा मुद्दा आपल्याकडे बऱ्याच जणांना लागू होईल.

ऑक्टोबर 2024 च्या दुसऱ्या पंधरवड्यात पहिली ओली मिरची आणली. लिलावात मामा बोली लावत होता, मी शेजारी उभी. व्हीएनआर जातीच्या मिरचीची एक ढेरी दिसायला फार सुंदर होती. मामाने तळातून मूठभर काढली, वास घेतला आणि न बोलता पुढच्या ढेरीकडे गेला. नोकरीत मी मीटर लावून जे शोधायचे, ते त्याने दोन सेकंदांत केलं. पल्व्हरायझर पहिल्यांदा चालवला तेव्हा सगळा गाळा खोकत बाहेर आला. धूळ ओढायचा पंखा आधी बसवा, तोंडाला साधा रुमाल पुरत नाही, आणि हाताला आधीच गोडेतेल लावलं तर आग कमी होते. हे कुठल्याही अहवालात लिहिलेलं नसतं.

डिसेंबर आणि जानेवारी तक्त्यात दाखवले होते तसेच गेले. कॅश क्रेडिट पूर्ण वापरलं, घरातून सव्वा लाख घालावे लागले. नाशिकच्या मसालेवाल्याचे निम्मे पैसे ठरल्याप्रमाणे आधी आले, उरलेले चाळिसाव्या दिवशी. सूक्ष्म उद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावं लागतं, नाहीतर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी आयकरात धरता येत नाही, हा नियम आता बऱ्याच व्यापाऱ्यांना ठाऊक झालाय. म्हणून बिलावर उद्यम क्रमांक छापून घ्या. अनुदान फेब्रुवारी 2025 मध्ये बँकेच्या त्या वेगळ्या खात्यात जमा झालं. मार्च ते मे दळणाने तारलं, मिरचीपेक्षा जास्त. जूनपासून मी महिन्याला 15 हजार घरी घेते. जुन्या पगाराच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी.

पुण्याची ती कंपनी चालू आहे. तिला पुढची गुंतवणूक मिळाली, शेअरचा भावही वाढला म्हणतात. कधीतरी रात्री मी मोबाइलवर 1,800 गुणिले तो नवा भाव करून बघते, आणि नवरा शेजारून विचारतो, “किती आला?” आकडा सांगते. मग आम्ही दुसऱ्या दिवशीच्या दळणाच्या नोंदी बघतो.

माझा प्रकल्प अहवाल बऱ्याच जणांनी मागितलाय. पाठवते, पण यंत्रांची पानं जशीच्या तशी चालतील, रोखीचा तक्ता नाही. तो तुमच्या मालाच्या हंगामाप्रमाणे स्वतः भरा, आणि उणे येणारे महिने खोडू नका. येत्या महिन्यात माझ्या कॅश क्रेडिटचं नूतनीकरण आहे. मर्यादा 5 लाख मागते आहे, साहेबांची बदली झालीय, आणि नव्या मॅडमनी पहिल्याच भेटीत स्टॉकचं विवरण आणि जानेवारीचा हिशोब मागितलाय.